पूजेतली विळी

मुलीला मी शाळेतून काढलं ते रागाच्या भरात. ती बोलताना अडखळायची, बाई तिची नक्कल करायच्या आणि वर्ग हसायचा. "घरीच शिकवीन," असं मुख्याध्यापकांना सुनावून आलो. वाईत, आमच्या आळीत, माझं कौतुक झालं. ते मला आवडलंही. ऑफिसला जाण्याआधी रोज सकाळी आम्ही दोघं ओसरीवर बसायचो. हळूहळू ती न अडखळता वाचू लागली होती.

मग बायको आजारी पडली. उपचारासाठी तिला सांगलीला तिच्या भावाकडे ठेवलं आणि तिचं करायला मुलीला पाठवलं. अकरा वर्षांची पोर. शनिवारच्या एसटीनं मी पुस्तकं घेऊन जायचो. तिचे हात कणकेत असायचे. पुस्तकं तशीच परत यायची. वर्षाहून अधिक काळ हेच चाललं.

गणपतीनंतर दोघी परत आल्या. बायकोला अजून फार वेळ उभं राहवत नव्हतं. अभ्यास दुसऱ्याच दिवशी सुरू करता आला असता. मी म्हणालो, दसऱ्याचा मुहूर्त धरू.

खंडेनवमीला मी पाट मांडला. "पुस्तकं आण गं पूजेला."

ती आत गेली आणि विळी, पोळपाट, लाटणं घेऊन आली. स्वच्छ धुतलेलं, वर हळदकुंकू.

"हे काय?"

"मा... माझी हत्यारं."

बायको अंथरुणावरून हसली. "बरोबरच आहे की. तुमचं पेन, तिची विळी."

मीही हसलो.

"अण्णा, पूजेतल्या वस्तूला उ... उद्यापर्यंत हात लावायचा नसतो ना?"

"नसतो."

"मग आज स्वयंपाक नाही ना करायचा?"

तिला काय हवं होतं ते मला तेव्हाच कळलं. तरी म्हणालो, "वेडी का तू? जेवायचं काय मग?" विळी उचलून तिच्या हातात दिली आणि तिच्या जागी पुस्तकं ठेवली. विश्रांती मिळाली ती पुस्तकांना.

दसऱ्याला मुहूर्तावर ती ओसरीवर बसली. पुस्तकावरचं कुंकू पदरानं पुसावं तसं फ्रॉकनं पुसलं. पहिल्याच ओळीला अडखळली, पुन्हा पहिल्यापासून लागली. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. वाक्य अर्धं टाकून ती उठली.

"बस, मी बघतो," एवढंच म्हणायचं होतं. मला भूक लागली होती. मी म्हणालो नाही.