ग्रीसवालीला दिलेले एकतीस मार्क

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. शिरपूरपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. आबा जिनिंगमध्ये मशीन दुरुस्तीला, आई त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला. धुळ्याला देवपूरमध्ये खोली घेऊन मी आधी बी.एस्सी. केलं, मग बी.एड. पाठची एकच बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला एका यादीत जागा मिळाली होती आणि ती माझ्यामुळे गेली. तेच लिहायला बसले आहे. पण त्याची सुरुवात एका जपानी कार्टूनपासून होते, त्याला माझा इलाज नाही.

बी.एड.ची शेवटची परीक्षा देऊन मी मे महिन्यात घरी आले होते. बहिणीने दहावीची परीक्षा दिली होती, निकाल लागायचा होता. जिनिंगचा सीझन संपलेला, त्यामुळे आबाही घरीच. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. घरात स्मार्टफोन एकच, माझा. मैत्रिणीने त्यात ती मालिका भरून दिली होती, हिंदीत डब केलेली, सव्वीस भागांची. डोंगराएवढे लोखंडी रोबोट, आणि ते चालवायला त्यांच्या छातीत बसलेली माणसं. समुद्रातून रोज काहीतरी अक्राळविक्राळ वर यायचं आणि शहर वाचवायला हे रोबोट उतरायचे. फोन तांब्याला टेकवून आम्ही दोघी फरशीवर पालथ्या पडून बघायचो.

जपानी नावं काही जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. पहिला उतावळा. कोणी काही सांगायच्या आत रोबोटमध्ये चढून बसणारा. दुसरा मास्तर. सगळ्यांत मोठा, शांत, सगळ्यांच्या वतीने विचार करणारा. तिसरी राणी. मोठ्या घरची, नाकावर माशी न बसू देणारी, आणि घराच्या आठवणीने एकटीच रडणारी. आणि चौथी ग्रीसवाली. ही रोबोटमध्ये बसायची नाही. लढाई संपली की शिडी लावून वर चढायची, गुडघा उघडायची, हात काळे करून खाली उतरायची. एका भागात दोन-तीन मिनिटं दिसायची, त्यातही निम्मा वेळ पाठमोरी.

तिला शोधून काढलं ते आबांनी. पाणी प्यायला म्हणून आत आले, उभ्याउभ्या पाच मिनिटं बघितलं. रोबोट धाडधाड पळत होता. आबा म्हणाले, “याले ग्रीस कोन लावस?”

बहीण उठून बसली. “देखाडस, आबा,” म्हणाली आणि तिने मागचा भाग लावून ती बाई दाखवली. आबा वाकून बघत राहिले. “पान्हा बरोबर धरेल शे,” एवढं म्हणून गेले. त्या दिवसापासून बहिणीचं ठरलं, मालिका ग्रीसवालीची. बाकीचे नुसते ड्रायव्हर.

मला हे पटण्यासारखं नव्हतं. मी नुकतीच मूल्यमापन शिकून आले होते. वहीत रकाने आखले. धैर्य, शिस्त, निर्णयक्षमता, नेतृत्व, स्वतःत झालेला बदल. प्रत्येकी वीस, एकूण शंभर. आणि चौघांनाही रीतसर मार्क दिले, शेरे लिहिले. उतावळ्याला चौऱ्याहत्तर, ‘धाडसी, परंतु सूचना ऐकत नाही’. राणीला अडुसष्ट, ‘भावनाप्रधान’. मास्तरला ब्याण्णव. ग्रीसवालीला एकतीस. शेरा, ‘कथेतील योगदान मर्यादित’.

बहिणीने वही ओढून घेतली. “ताई! तिले नापास करी टाकं?”

“तिचा रोल किती आहे? निर्णय एकतरी घेते का ती?”

“ती नही ऱ्हायनी ते बठ्ठा बंद पडतीन.”

“सगळे बंद पडले तर दुसरी ठेवतील. दुरुस्ती कोणीही करतं.”

हे वाक्य मी आबांच्या घरात बसून बोलले. आबा ओट्यावर होते, दार उघडं होतं. मशीनजवळ तीस वर्षं काढून त्यांना ऐकू कमी येतं, ते तेव्हा कामाला आलं असावं अशी मी आशा करते.

आमचं खरं भांडण झालं एकोणिसाव्या भागावर. राणीच्या घरून चिठ्ठी येते, परत ये म्हणून. ती चिठ्ठी मास्तरच्या हातात पडते आणि तो ती खिशात घालतो. दुसऱ्या दिवशी मोठी लढाई असते, राणी गेली तर सगळंच कोसळेल, म्हणून. राणीला चिठ्ठी कधीच मिळत नाही, लढाई मात्र जिंकतात. मी निर्णयक्षमतेत त्याला वीसपैकी वीस दिले. बहिणीने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. मग म्हणाली, “पन चिठ्ठी तिनी व्हती ना?”

मी म्हटलं, “तिची होती, पण मोठं चित्र बघायला शिक.”

जूनमध्ये मी नोकरी शोधायला देवपूरच्या खोलीवर परतले आणि तिचा निकाल लागला. बहात्तर टक्के. मी लगेच मनात सगळं मांडलं. देवपूरला माझ्याजवळ राहील, अकरावी सायन्स, मग बी.एस्सी., मग माझ्यासारखं बी.एड. तिने मला न विचारता शिरपूरला सायबर कॅफेत जाऊन आयटीआयचा फॉर्म भरला. ट्रेड फिटर. आबांना सांगून गेली होती. मला फोनवर सांगितलं ते भरून झाल्यावर, भीत भीत. मोबाइल नंबर माझा टाकला होता, कारण घरचा साधा फोन कधी चार्ज असायचा, कधी नसायचा. आणि आमच्याकडे कुठलाही कागद असो, रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत, तो माझ्याकडेच यायचा. ‘शिकेल शे’ म्हणून. सगळ्यांचे मूळ दाखले माझ्या खोलीवर, माझ्या फाइलमध्ये. मला त्याचा अभिमान होता. शेजारचे नानासुद्धा बँकेचं पत्र आलं की ते खिशात घालून मी सुट्टीवर यायची वाट बघायचे.

मी चिडले. आबांचे हात मी लहानपणापासून पाहत आले होते. नखांमधला काळा थर रॉकेलने घासूनही जात नसे. मी आठवीत असताना पालकसभेला आबा आले तेव्हा त्यांनी हात पाठीमागे धरले होते. त्या हातांतून एक तरी पिढी बाहेर काढायची म्हणून मी देवपूरच्या खोलीत चार मुलींमध्ये एका पंख्याखाली अभ्यास केला. आणि ही स्वतःहून पान्हा धरायला निघाली होती.

जुलैत एका सकाळी मेसेज आला. तिची निवड झाली होती. मूळ कागदपत्रं घेऊन ठरलेल्या दिवसांत हजर राहा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. मी वेबसाइटवर जाऊन यादी उघडली. नाव होतं. नंबर होता. आयटीआय माझ्या खोलीपासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ होतं, तिचे कागद माझ्या उशाशी होते.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून आबा बोलले. “लिस्ट लागनी म्हनतस. तिनं नाव शे का यादीमा?”

मी म्हटलं, “नाही, आबा.”

“बरोबर देखं ना?”

“बघितलं.”

“मंग पुढली यादी?”

“पुढे तर अजून अवघड असतं. मी अकरावीचं बघते.”

“तू शिकेल शे. तुले जे समजस ते आमले थोडी समजस,” आबा म्हणाले. मग फोन बहिणीकडे दिला. ती म्हणाली, “बरं,” आणि फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला ज्युनियर कॉलेजात नेऊन जमा केला.

ती मालिका बघून मी हे शिकले असं कोणी समजू नये. मास्तर मला आवडला, कारण मी आधीच तशी होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, हेच त्याचं दुःख आहे. सायन्स तिला झेपलं नाही. बारावीला गणितात राहिली, ऑक्टोबरला निघाली. मग बी.ए.चं पहिलं वर्ष अर्धं केलं. मग लग्न. मी जळगावला खासगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. ती दीपनगरला गेली, तिचे यजमान तिथल्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे आहेत. ती घरी फॉल-पिको करते. तक्रार कधीच नाही. शिलाई मशीन बिघडलं की स्वतःच उघडते, हे मला आईकडून कळलं होतं. मी त्यावर “हुशारच आहे ती” एवढंच म्हटलं होतं.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मुली ऑफ तासाला त्याच मालिकेवर भांडत होत्या. आता ती मोबाइलवर सगळ्यांनाच मिळते. मलाही विचारलं, मॅडम, तुमचा फेवरेट कोण? मी सांगितलं, तो मोठा, शांत असतो तो. एक मुलगी पटकन म्हणाली, “तो? तो तर लबाड आहे, मॅडम! दुसऱ्याची चिठ्ठी दाबली त्याने.” बाकीच्या हसल्या. तिने हे इतक्या सहज म्हटलं, जणू त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. मी वर्गात “शांत बसा” म्हटलं आणि उरलेला तास खिडकीशी उभी राहिले.

त्या महिन्यात मी मालिका पुन्हा पाहिली, एकटीने. उतावळा आता मला निष्काळजी वाटला. प्रत्येक लढाईत रोबोटचा हात तोडून आणायचा आणि वळून बघायचाही नाही. राणीवर मी अन्याय केला होता. चिठ्ठी आली का, असं ती तीनदा विचारते, ते मी पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं. आणि ग्रीसवाली निर्णय घेत नाही हे धडधडीत चूक होतं. कुठला रोबोट उद्या उतरेल आणि कुठला उतरणार नाही, ते तीच ठरवते. सगळे तिचं ऐकतात, म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागत नाही. मी हे सगळं पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. माझ्या रकान्यांत ते बसत नव्हतं.

एका रविवारी मी बस पकडून दीपनगरला गेले. बहिणीने शेवभाजी केली होती. जेवताना यजमान हसत म्हणाले, “ताई, तुमच्या बहिणीचं एक सांगू का? मी ड्युटीवरून आलो की चहाच्या आधी विचारते, आज काय उघडलं होतं? कोणतं बेअरिंग? का गेलं? आमचा सुपरवायझर एवढं विचारत नाही.”

“नीट सांगत नाही हा,” बहीण म्हणाली. “नुसतं ‘गेलं होतं, बदललं’. कशाने गेलं ते सांग ना!”

तेवढ्यावर मी बोलले. हात उष्टा होता, घास पानात. म्हटलं, तुझं नाव यादीत होतं. मी आबांना खोटं सांगितलं. मेसेज माझ्या फोनवर आला होता, कागद माझ्याकडे होते, आणि मी नेऊन दिले नाहीत.

तिचे यजमान उठून हात धुवायला गेले आणि बाहेरच थांबले. बहीण माझ्याकडे बघत होती. ती रडेल, नाहीतर मला बोलेल, अशी मी तयारी करून आले होते. काय उत्तर द्यायचं तेही बसमध्ये जुळवलं होतं. तिने त्यातलं काहीच विचारलं नाही.

“कितवा नंबर व्हता मना?”

“सातवा.”

“कितला मा?”

“वीस जागा होत्या.”

“सातवा,” ती म्हणाली. मग बाहेर तोंड करून यजमानांना ऐकू जाईल असं, “ऐकलं का? फिटरला सातवा नंबर होता माझा!” ते ओल्या हातानेच दारात आले. मी घाईने म्हटलं, आयटीआयला वयाची अडचण नाही, आताही फॉर्म भरता येतो, मी सगळं करते. तिने माझं ताट उचललं. “तू काहीच नको करू, ताई. आते बस चुकी जाई तुनी.” आणि मी चप्पल घालत असताना म्हणाली, “आबाले तू नको सांगू. मी सांगसू.”

आठवडाभर कोणाचाच फोन आला नाही. मग आबांचा आला. आता त्यांच्याजवळ स्वतःचा मोबाइल आहे, ऐकू येत नाही म्हणून ते मोठ्याने बोलतात. माझी खुशाली त्यांनी विचारली नाही.

“सातवा नंबर व्हता तिना? खरंच?”

मी म्हटलं, “हो, आबा.”

मला वाटलं ते आता पुढचं विचारतील. मागून आईचा आवाज येत होता, काय म्हनस ती, काय म्हनस. आबा तिला म्हणाले, “व्हता म्हनस.” आणि फोन तसाच चालू ठेवून ते अंगणात कोणाला तरी सांगायला गेले.