मैदानावर मारलेलं पाणी

हिवाळ्यात आमची कंपनी ग्लेशियरवर गेली. मी डोणगावचा, तेव्हा हवालदार होतो. पोस्टवर आम्ही मोजकेच होतो. त्यात लान्स नाईक भास्कर, वरवट बकालच्या पुढच्या एका खेड्यातला, खारपाणपट्ट्यातला. एकाच जिल्ह्याचे म्हणून तो मला दादा म्हणायचा.

पोस्टवर पाणी नसतं. चारी बाजूंना बर्फ, पण तो खाऊन तहान भागत नाही, अंग मात्र गार पडतं. सकाळी बर्फ फोडायचा, डब्यात भरायचा, स्टोव्हवर ठेवायचा. डबाभर बर्फाचं तळाशी थोडंसं पाणी होतं. त्यासाठी लागणारं रॉकेल माणसांच्या पाठीवरून वर येतं. ही बर्फ वितळवायची ड्यूटी भास्कर मागून घ्यायचा.

एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही. कुकर नसला तर डाळ कच्चीच राहते. भास्कर हसायचा.

"दादा, आमच्या गावात पानी खारं म्हणून दाय शिजत नाही. इथं गोड पानी भेटलं, तरी शिजत नाही. माह्या नशिबात कच्चीच दाय हाय."

हिवाळा सरत आला होता. एका दुपारी बर्फ फोडताना तो मध्येच खाली बसला.

"काय झालं?"

"काही नाही. दम लागून राह्यला."

संध्याकाळी खोकला सुरू झाला. थुंकी फेसाळ, गुलाबी. नर्सिंग असिस्टंटनं छाती तपासली.

"फुप्फुसात पाणी भरतंय."

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. मी रेडिओ घेतला.

"कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर हवं. ओव्हर."

"वेदर खराब. वाट पाहा. ओव्हर."

वाट पाहिली. उजाडण्याआधी भास्कर गेला.

शाळेत भाषणाला बोलावतात तेव्हा मी इथपर्यंतच सांगतो.

पार्थिव घेऊन मी त्याच्या गावी आलो. खाली उन्हाळा लागला होता, तरी वेशीपासून रस्ता ओला. अंत्यसंस्कार ठेवले होते त्या मैदानात पोचलो तेव्हा कारण कळलं. टँकर उभा होता. धूळ उडू नये म्हणून ड्रायव्हर पाइपनं पाणी मारत होता. दोरीपलीकडे बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या.

"साहेब, लय दिसानं टँकर आला," एक बाई मला म्हणाली. "थांबवा ना त्याले."

"आधी मैदान," व्यवस्था पाहणारा एक जण मध्येच बोलला. "मोठे लोक येऊन राह्यले."

मी इस्त्रीच्या वर्दीत. बूट चकचकीत. त्या बुटांवर धूळ बसू नये म्हणूनही ते पाणी होतं. मी ड्रायव्हरकडे गेलो.

"पाइप बंद कर."

"मले ऑर्डर हाय, साहेब."

"ज्याच्यासाठी मैदान भिजवतोस, तो माझ्या पोस्टवरचा जवान आहे. बंद कर."

त्यानं आमच्या ट्रकमधल्या, शवपेटीवरच्या तिरंग्याकडे पाहिलं आणि पाइप बंद केला. पण टँकर जवळजवळ रिकामा झाला होता. काही हंडे भरले, बाकीच्या बाया तशाच परत गेल्या. कोणी भांडलं नाही. पहिला हंडा त्यांनी भास्करच्या घरी पाठवला.

घरात त्याच्या आईनं त्याच पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला.

"घ्या भाऊ, लांबून आले."

"राहू द्या, आई. तुम्हाला लागेल."

"खारं नाही हो. टँकरचं हाय."

तिला वाटलं, मी खाऱ्या पाण्याला नको म्हणतोय. मी तांब्या घेतला आणि प्यालो.

"तिकडं पानी कसं हाय?" तिनं विचारलं.

"बर्फाचं. गोड असतं. आम्हा सगळ्यांना भास्करच करून द्यायचा."

"मंग तो पेला असन ना पोटभर?"

"हो," मी म्हणालो.

बाहेर सलामीचा गार्ड रांगेत फॉल-इन झाला होता. मैदानात चिखल झाला होता. त्याच चिखलात उभं राहून आम्ही लान्स नाईक भास्करला सलामी दिली.