देवाजीकाकांच्या गिटारीची दुरुस्ती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे थांबवलंत तर पुढचं सांगायची माझी हिंमत होणार नाही. कसं सांगू तुम्हाला... मी एका भल्या माणसाची इलेक्ट्रिक गिटार सुधारली. हो, सुधारली!

माणूस म्हणजे आमच्या इंदोरा वस्तीतले देवाजीकाका. रेल्वेत फिटर, आणि वस्तीच्या गाण्याच्या पार्टीत गिटार वाजवणारे. वर्षानुवर्षं पेटी-ढोलकीवाल्यांच्या मागे बसायचे. आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला समितीनं ठरवलं, कार्यक्रमाची सुरुवात काकांच्या एकट्याच्या गिटारीनं करायची. स्टेजवर, सगळ्यांच्या पुढे बसवून! आणि त्यानंतर पाच मिनिटं माझं भाषण. मी नुकताच बी.ए. झालेला, समितीतला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात घाईचा सभासद. भाषणाचा विषय होता, 'प्रश्न विचारायला शिका'. विषय लक्षात ठेवा.

जयंतीआधी आमच्याकडे घरोघरी चुना लागतो. काकांच्या घरी पुताई निघाली आणि त्यांना भाचीच्या लग्नाला खाप्याला जायचं होतं. म्हणून शुक्रवारी गिटार आमच्या घरी आली.

"सांभाळजो गा सुधाकर. रविवारी साडेपाचले येतो, सहाले स्टेजवर."

काकांची पाठ फिरली आणि मी खोकं उघडलं. लालभडक गिटार! मला साध्या गिटारीवर चार कॉर्ड यायचे. त्यातला पहिला धरला आणि कळवळलो. तारा इतक्या उंच, की खालून झुरळ मान ताठ ठेवून गेलं असतं! दाबता दाबता बोटांना खाचा पडल्या. सूरसुद्धा भलत्याच रीतीनं लावलेले.

कॉलेजच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, तारा फार उंच असतील तर गिटार नीट जुळवलेली नाही असं समजावं. झालं! हा कष्टाचा माणूस इतकी वर्षं बोटं सोलून घेतोय आणि कुणी त्याला सांगूसुद्धा नये? आणि रविवारी सगळ्या वस्तीसमोर हात दुखून मधेच थांबला तर? मला जेवण जाईना.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. तारा खालच्या बाजूला ज्या घोडीवर टेकतात ती स्क्रूनं खाली बसवली. वरच्या टोकाला मात्र पितळेची चांगली उंच पट्टी होती. खोक्यात बोटाएवढा जाड, गुळगुळीत लोखंडी तुकडा सापडला. म्हटलं, रेल्वेतला काहीतरी चुकून राहिला असेल. त्याच्यानंच ठोकून पट्टी काढली आणि शेजारून कानस आणली.

"काय घासून राहिला रे सकाळपासून? दात शिवशिवले माह्ये!" माय ओरडली.

"अन्याय दूर करून राहिलो, माय."

"मंग हळू कर ना!"

हळू? मला? एक बाजू जास्त घासली गेली. ती सारखी करायला दुसरी घासली. आता तार गिटारीच्या मानेवरच्या पडद्याला लागून करकरायला लागली. मला घाम. घासलेलं पितळ परत चिकटत नाही, हे बी.ए.ला शिकवलं नव्हतं! शेवटी पट्टीखाली पोस्टकार्डाची घडी सारली, तेव्हा कुठे रविवारी दुपारी करकर थांबली. कॉर्ड धरला तर जणू लोण्यात बोट!

साडेपाच वाजले. काका नाहीत. पावणेसहा. काका नाहीत! स्टेजवर "हॅलो, हॅलो" सुरू झालेलं. सहाला पाच कमी असताना काका धावत आले, सदऱ्याला लग्नाची हळद तशीच. स्टेजमागे खुर्चीवर बसले आणि गिटार मांडीवर आडवी घेतली. मला वाटलं, थकलेत. मग खोक्यात हात घालून त्यांनी तो लोखंडी तुकडा काढला आणि तारांवर ठेवला.

खर्रर्रर्र!

"हे ताराले काय झालं?"

"काका, खाली घेतल्या! आता बोटं नाही दुखणार."

"कोनाचे बोटं?"

"तुमची. तारा दाबताना."

"मी दाबतोच कुठं बे? हे लोखंड वरून सरकवतो मी! हवाईयन गिटार हाय ते, असंच वाजवतेत! तारा उंच राहाव्या म्हणून ते पितळ म्या सोता बनवलं होतं!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. एकदा तालमीला गिटार मांडीवर आडवी घेतलेले काका मी पाहिले होते हो! मला वाटलं, विश्रांती चाललीय.

तेवढ्यात भोंग्यावर पुकारा, "आता देवाजीभाऊ..."

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी इकडेतिकडे काहीतरी शोधलं. मग नजर माझ्या खिशावर गेली.

"तो पेन दे."

वादविवादात बक्षीस मिळालेला माझा जाडजूड पेन. त्याच पेनानं मी भाषण लिहिलं होतं. काकांनी तारा सैल केल्या, पितळेच्या पट्टीपाशी पेन तारांखाली आडवा सारला, घोडी वर घेतली, कान लावून सूर जुळवले आणि गेले स्टेजवर.

मी मागे उभा. ते काय वाजवत होते ते मला ऐकूच येत नव्हतं, मी नुसता पेनाकडे बघत होतो. आता सरकला! नाही सरकला. आता सरकतो! शेवटचा सूर लांबच लांब घसरत गेला आणि टाळ्या!

लगेच माझं भाषण. सुटकेच्या भरात मी असा काही तापलो! "मित्रहो, कुठलीही गोष्ट मुकाट्यानं मान्य करू नका! आधी विचारा, हे असं काहून हाय?"

पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या काकांनी हात वर केला.

"भाषण मस्त हाय गा. फक्त येवढं सांग, हा प्रश्न कानस हातात घ्याच्या आधी विचाराचा का नंतर?"

मांडवात कुणालाच काही कळलं नाही. मी हुश्श करणार, तेवढ्यात बायकांच्या रांगेतून मायचा खणखणीत आवाज आला,

"नंतर! नंतरच विचारते तो! दोन दिवस ऐकलं ना म्या!"