कात्री, गोंद आणि रेंजर साहेब

कागदाचा एक मोठा गुण आहे. घडी घातली की तो कमी जागेत मावतो. किश्शांचं मात्र नेमकं उलटं! कितीही दाबून ठेवा, दर रविवारी फुगून वर येतात. आमच्या मंडळाचे तर इतके साचलेत की कुणी नुसतं "काय चाललंय?" म्हटलं तरी मी सुटतो. बायको आतून ओरडते, "पहिले त्याईले चहा तं पिऊ द्या!"

मंडळ म्हणजे कागदाच्या जपानी घड्या घालणाऱ्यांचं, ओरिगामीवाल्यांचं, बालाघाटातलं एकमेव मंडळ. एकमेव अशासाठी की आम्हाला फुटून निघायला दुसरी जागा मिळालेली नाही! जागा म्हणजे माझा फोटो स्टुडिओ. मोबाइल आल्यापासून माझ्याकडे लोक येतात ते फक्त पासपोर्ट फोटोला, तेही फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी. त्यामुळे रविवारी स्टुडिओ रिकामाच असतो.

आमच्या संस्थापक मेश्राम मॅडम. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, रिटायर झाल्या आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कागद दुमडायला लागल्या. दुसरे गजभिये, टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक. इन्स्टिट्यूट आहे, विद्यार्थी नाहीत. तिसरे लालबर्‍याचे राइस मिलवाले बिसेन सेठ. चौथा मी.

आणि मेंबर नसलेले पाचवे म्हणजे मॅडमचे मिस्टर, मेश्राम साहेब. बैहरकडच्या जंगलात उभी नोकरी काढलेले रिटायर्ड रेंजर. संध्याकाळी मॅडमना न्यायला येतात, बाहेरून स्कूटरचा हॉर्न मारतात, आणि मॅडम लगेच निघाल्या नाहीत की आत येऊन मत देतात. सगळी अडचण त्या मतातच आहे.

मॅडम एकदा मला स्पष्टच म्हणाल्या, "भाऊ, साऱ्या बालाघाटानं वा वा केलं ना, तरी माह्यं पोट नाही भरत. यायनं एक डाव नुसतं 'बरं हाये' म्हणावं. बस!"

* * *

आता साहेबांचं मत कसं असतं ते ऐका.

मॅडमनी कितीतरी रविवार खपून एका कागदाचा हत्ती केला. सोंड, सुळे, शेपूट, सगळं जागच्या जागी. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात साहेब आले. चष्मा लावला, वाकले, हत्तीला सगळीकडून बघितलं.

"हा आपला नोहे," म्हणाले. "कान पहा याचे. आफ्रिकेचा हाये!"

मॅडम गणिताच्या बाई. चूक दाखवली की दुरुस्त करणार. त्यांनी हत्ती उलगडला आणि कान लहान करून पुन्हा केला. पुढच्या रविवारी साहेबांसमोर ठेवला. उलगडून पुन्हा दुमडलेला कागद तो, अंगभर सुरकुत्या पडलेल्या.

साहेब म्हणाले, "हौ, आता कान बरोबर हायेत. पण म्हातारा झाला हा. कळपानं हाकलला असंन!"

मग मॅडमनी पट्टेदार वाघ केला. साहेबांनी एवढंच विचारलं, "नर का मादी?"

आम्ही सगळे मॅडमकडे बघायला लागलो. मॅडम पर्स उचलून स्कूटरवर जाऊन बसल्या.

* * *

गजभिये हे आमचे कर्मठ. त्यांचा नियम असा की एकच चौकोनी कागद घ्यायचा, कात्री लावायची नाही, गोंद तर मुळीच नाही. नाही तर ती ओरिगामी नव्हे, शाळेतला हस्तकलेचा तास!

बिसेन सेठ मॉडर्न. कॉम्प्युटरवरून जपानी किल्ले जाड कागदावर छापून आणतात, कापतात, चिकटवतात. गजभियेंनी त्यांची खुर्ची दाराजवळ लावली आणि सांगितलं, "सेठ, चपला बाहेर काढता ना, तशी कात्रीबी बाहेर काढत जा."

सेठ भडकले. "काहून जी? जपानमंदी लहान लेकरंबी कात्री वापरतात!"

"म्हणूनच तं म्हणून राह्यलो," गजभिये म्हणाले, "लेकरं!"

तर असे हे गजभिये. त्यांनी एकदा मोर आणला. पिसारा असा ताठ की मॅडमसुद्धा चाट पडल्या. एवढे थर, एवढ्या घड्या, आणि एकही उघडत नाही! गजभियेंनी आम्हाला तासभर भाषण दिलं. कागदाची इज्जत केली की कागद आपोआप बसून राहतो, वगैरे. मोर मी शोकेसमध्ये ठेवला.

पुढच्या रविवारी शोकेस उघडली तर मोराला मुंग्या लागलेल्या. बाकी कुणाला नाही. हत्तीला नाही, वाघाला नाही, सेठच्या किल्ल्यालासुद्धा नाही. शिस्तीत रांग लावून मुंग्या फक्त मोराच्या पिसार्‍यात शिरत होत्या. सेठनी पिसार्‍याचा एक थर नखानं उचलला. आत वाळलेला भात.

सेठ दाराजवळच्या खुर्चीतून उठून मधल्या खुर्चीवर येऊन बसले.

गजभिये जराही हलले नाहीत. "गोंद नोहे तो," म्हणाले. "घरचं अन्न हाये!"

* * *

सेठचाही किस्सा सांगायलाच पाहिजे, नाही तर मी गजभियेंवर घसरतो असं व्हायचं.

सेठनी पाच मजल्यांचा एक जपानी किल्ला पूर्ण केला आणि कौतुकानं लालबर्‍याला नेऊन मिलच्या ऑफिसात ठेवला. धान विकायला आलेल्या एकानं विचारलं, "सेठ, नवा बंगला का?" सेठ फोनवर बोलत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

झालं! दोन-चार दिवसांत सगळ्या लालबर्‍यात बातमी की बिसेन सेठ पाच मजली बंगला बांधून राह्यले, डिझाइन फॉरेनचं! वाळूवाला येऊन गेला. सेंट्रिंगवाला येऊन गेला. एक वास्तुवाले महाराज आले, त्यांनी किल्ल्याचं दार दक्षिणेला आहे म्हणून हळहळ व्यक्त केली. सेठनी किल्ला फिरवून ठेवला. महाराजांनी त्याचेही पैसे घेतले.

शेवटी सेठच्या मुलासाठी थेट स्थळ चालून आलं. मुलीचे वडील, मामा, दोन काका, सगळे ऑफिसात बसून किल्ल्याकडे बघतायत. सेठ माणूस सरळ. घाम पुसत म्हणाले, "पाहुणे, तुमच्यापासून काय लपवायचं? बंगला कागदाचा हाये."

मामांनी चहा संपवला. "त्यात काय जी? साऱ्याईचेच बंगले कागदावर असतात. तुमचा निदान उभा तं हाये!"

लग्न ठरलं. पत्रिकेवर किल्ल्याचं चित्र आहे.

* * *

यंदा आम्ही शाळेच्या मैदानावर मांडव टाकून दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. प्रदर्शन म्हटलं की उद्घाटन आलं आणि उद्घाटन म्हटलं की नेताजी आले. आमचे एक स्थानिक नेताजी आहेत, नाव सांगत नाही, कारण त्यांचा फोटो माझ्याच स्टुडिओत निघतो.

नारळ फुटला. मॅडमनी पुष्पगुच्छाऐवजी त्यांच्या हातात स्वतः केलेली कागदाची मासोळी ठेवली. सुरेख मासोळी! खवलान् खवला घडीचा.

आता नेत्याच्या हातात दुमडलेला कागद दिला तर तो काय करणार? उघडणारच! वीस वर्षांची सवय. भाषण ऐकता ऐकता नेताजींनी शेपूट उघडलं, पर उघडले, पोट उघडलं. मॅडम कासावीस झालेल्या, पण स्टेजवर बोलणार काय? शेवटी सपाट कागद हातात आला. नेताजींनी तो इकडून बघितला, तिकडून बघितला.

"इसमें तो कुछ लिखा ही नहीं है! काम क्या है आपका?"

मॅडम कशाबशा म्हणाल्या, "सर, वो मछली थी."

"अच्छा!" नेताजींचा चेहरा उजळला. त्यांनी कोऱ्या कागदावर सही ठोकली आणि पीएकडे दिला. "मछली पालन विभाग को भेज दो!"

पीएनं तो कागद खिशात घालायच्या आत गजभियेंनी हिसकावला आणि तिथल्या तिथं पुन्हा मासोळी करून टेबलावर ठेवली. कुणी जवळ गेलं की म्हणत, "दुरून पहा जी. ते आता सरकारी हाये!"

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

जगात जो कुणी कागद दुमडायला बसतो तो पहिल्यांदा क्रेन करतो. क्रेन म्हणजे आपला सारस. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतांत येतो, माणसाएवढा उंच. मॅडमनीही सगळ्यांत आधी तोच केला होता आणि साहेबांना दाखवला होता. साहेबांनी तो हातात घेऊन उलटा केला.

"पाय?"

त्या जपानी क्रेनला पाय नसतातच. सगळं जग तसाच करतं. मॅडमनी तसं सांगितलं.

"करू दे जगाले," साहेब म्हणाले. "बिनपायाचा बांधीत उभा कसा राहीन? हा सारस नोहे."

मॅडमच्या मनाला ते लागलं ते लागलंच. हत्ती झाले, वाघ झाले, पण साहेबांच्या नकळत त्यांचं सारसाच्या पायांचं गणित चालूच होतं. पाय त्याच कागदातून काढायचे आणि त्या पायांवर तो उभा राहायला हवा. गजभिये म्हणाले, "चुपचाप तार टाका ना अंदर, मी कोणाले नाही सांगत." सेठ म्हणाले, "मी चिकटवून देतो." मॅडमनी दोघांनाही हात जोडले. कागद फाटायचे, पाय वाकायचे, सारस तोंडावर पडायचा. रडल्यासुद्धा एकदा माझ्यासमोर. यंदा प्रदर्शनाच्या तोंडावर शेवटी उभा राहिला! मग त्याच्या जोडीला दुसरा केला. कागद मोठा घेतलेला, दोघंही माझ्या कमरेला लागत होते. आम्हाला ताकीद होती की साहेबांना आधी सांगायचं नाही, ते मांडवातच बघतील.

पहिल्या दिवशी साहेब आलेच नाहीत. बैहरला जुन्या स्टाफमधल्या कुणाच्या घरी लग्न होतं म्हणे. मी दिवसभर फोटो काढले. रात्री बघितले तर एकूण एक फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मॅडम गेटकडे. मला साहेबांचा फार राग आला. म्हटलं, एक तास काढायला काय झालं होतं या माणसाला!

दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक आभाळ भरलं आणि अवकाळी पाऊस सुरू झाला. वारा असा की मांडवाचं एक टोक उडालंच. पळापळ झाली. सेठ किल्ला छातीशी धरून शाळेच्या व्हरांड्यात. गजभिये सरकारी मासोळी शर्टाच्या आत घालून त्यांच्या मागे. मांडववाला फक्त खुर्च्या वाचवत होता, माइकवाला फक्त माइक. मॅडम तेव्हा शाळेच्या ऑफिसात होत्या. मी कॅमेरे आत ठेवले आणि मग आठवलं, सारस मांडवाच्या पार त्या टोकाला आहेत!

धावत गेलो. टेबलाशी मेश्राम साहेब उभे होते. कधी आले, कुणी पाहिलं नव्हतं. हातातली छत्री टेबलावर धरलेली, स्वतः छत्रीच्या बाहेर. मांडवाची सगळी धार त्यांच्या कॉलरमधून आत जात होती.

"साहेब, अंदर चला!" मी ओरडलो.

"पहिले यायले ने!"

तेवढ्यात मॅडमही डोक्यावर पदर घेऊन चिखलातून धावत आल्या आणि माझ्या मागे थांबल्या. मी घाईघाईनं अलीकडचा सारस उचलला आणि वळलो. साहेब असे गरजले, जसे जंगलात लाकूडचोरावर गरजत असतील.

"ओ फोटोवाले! एकट्याले नोको नेऊ! जोडी हाये ते. एक गेला तं दुसरा दाणापाणी सोडते!"