गांजा नव्हे, अंबाडी

सौदीत यान्बूला आल्यापासून चार वर्षांत मी मातीत जे जे पेरलं ते सगळं वाया गेलं होतं. कोथिंबीर करपली, मेथी क्षारांनी पिवळी पडली. पालक चांगला वीतभर वाढला होता, तर गोगलगायींनी चार दिवसांत त्याच्या नुसत्या शिरा शिल्लक ठेवल्या. पाठीवर शंख नसलेल्या, करड्या, बोटाएवढ्या लिबलिबीत गोगलगायी. वाळवंटात गोगलगायी कुठून आल्या, असं जळगावहून बहीण फोनवर विचारायची. त्या नर्सरीतून आणलेल्या मातीच्या पिशव्यांतून आल्या होत्या. घरामागे एसीच्या नळीतून दिवसभर पाणी ठिबकायचं. त्याच पाण्यावर मी वाफा केला होता आणि त्या ओलाव्यात त्यांचा संसार वाढत चालला होता.

माझा नवरा इथल्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर आहे. मी जळगावला अठरा वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. इथे आल्यावर नोकरीचं काही जमलं नाही. नवरा साडेपाचला आणि मुलगी साडेसहाला बाहेर पडली की कंपाउंडमधल्या त्या घरात मी आणि एसीचा आवाज. वाफा हे माझं एकच काम होतं आणि तेही मला जमत नव्हतं. नवरा म्हणायचा, लुलू सुपरमार्केटात सगळं मिळतं, कशाला हात चिखलात घालतेस. त्याचं चुकत नव्हतं, पण ते ऐकलं की मला रडू यायचं.

मग समोरच्या घरातली तेलुगू बाई फायनल एग्झिटवर, म्हणजे व्हिसा संपवून कायमची, गावी परत जायला निघाली. जाताना तिने कुंड्या, इस्त्रीचा टेबल आणि एक छोटी बाटली माझ्या हवाली केली. बाटलीत करड्या, तिकोनी बिया होत्या. ‘गोंगुरा,’ ती म्हणाली. ‘पेरून टाक, आपोआप येतो.’ मी बी तळहातावर घेतलं आणि ओळखलं. ही आपली अंबाडी. आमच्याकडे खानदेशात तिची आंबट भाजी कण्या घालून करतात. वर लसणीची फोडणी ओततात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. मी ती चार वर्षांत चाखली नव्हती.

सप्टेंबरअखेर मी चाळीस बिया लावल्या. पाच दिवसांत सगळ्या उगवल्या. सहाव्या दिवशी सकाळी बारा रोपांची नुसती देठं उभी होती आणि मातीवर चकाकणाऱ्या रेघा होत्या.

त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. अंड्याची टरफलं चुरून टाकली. त्यांनी ती आरामात ओलांडली. मीठ टाकायचं नव्हतं, माती आधीच खारी. इंटरनेटवर जिथे पाहावं तिथे एकच उपाय होता, वाटीत बिअर घालून ठेवा. सौदीत बिअर कुठली आणायची? पण मग मी शाळेत शिकवायचे तसा विचार केला. गोगलगायीला दारूचं वेड नाही, तिला यीस्ट फसफसतानाचा वास ओढतो. मग कोमट पाण्यात चमचाभर यीस्ट, साखर, थोडं पीठ. हे कालवून सहा वाट्या जमिनीत काठापर्यंत पुरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे फज्रच्या अजानीनंतर टॉर्च घेऊन गेले, तर पहिल्याच वाटीत एकोणीस बुडालेल्या. मी एकटीच तिथे उकिडवी बसून मोठ्याने हसले.

रोज सकाळी मी वाट्या रिकाम्या करून पुन्हा भरायचे आणि पानांखाली लपलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलायचे. दोनेक महिन्यांत रोपं माझ्या कमरेपर्यंत आली. सुरुवातीची पानं साधी, बदामी आकाराची होती. मग वरची पानं फुटू लागली ती वेगळीच. लांब, दातेरी, हाताच्या बोटांसारखी पाच-सहा भागांत चिरलेली. मला त्यात नवल नव्हतं, अंबाडीचं असंच असतं. पण मुलगी शाळेतून आली, वाफ्याशी थांबली आणि म्हणाली, ‘ममा, धिस लुक्स एक्झॅक्टली लाइक वीड.’

नवरा तेव्हा चहा पीत होता. तो कप घेऊनच बाहेर आला. मग त्याने, उपटून टाक, एवढंच म्हटलं. मी म्हटलं, ही भाजी आहे. तो म्हणाला, ‘मला माहीत आहे गं. पण इथे गांजाला काय शिक्षा आहे ते तुला माहीत आहे का? आधी माणसाला आत घालतील, पान मग तपासतील.’ आम्ही त्यावर दोन दिवस वाद घातला. शेवटी मी कबूल केलं की एकदा तोडणी झाली की मी सगळी झाडं काढून टाकेन.

तेवढा वेळ मिळाला नाही. गुरुवारी दुपारी कोणीतरी कंपाउंडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या वाफ्याचा फोटो टाकला. भिंतीवरून मोबाइल धरून काढलेला. खाली लिहिलं होतं, हे मॅनेजमेंटला चालतं का? शेजारची रत्नागिरीची भाभी धावत आली. तिच्या नवऱ्याचं बाजारात मसाल्याचं दुकान आहे आणि तिला सगळ्या बातम्या आधी कळतात. ‘भाभी, तुमच्याकडे येतायत मॅनेजमेंटचे लोक,’ ती म्हणाली. मग घरी न जाता माझ्याच बाजूला उभी राहिली. मी तिला भाभी म्हणते, ती मला भाभी म्हणते, आमचं असंच चालतं.

दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजानंतर कंपाउंडचा मॅनेजर आला. साठीचा सौदी गृहस्थ, शांत, अत्यंत सभ्य. बरोबर देखभालीचा सुदानी फोरमन. माझा नवरा तेवढ्यात ड्युटीवरून पोचला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मॅनेजरने इंग्रजीत विचारलं की या झाडाचं नाव काय. मी हिबिस्कस म्हणाले आणि थांबले. कारण पुढचा शब्द मला पक्का पाठ होता. या झाडाच्या शास्त्रीय नावाचा दुसरा भागच ‘कॅनाबिनस’ आहे, म्हणजे गांजासारखं. पान तसं दिसतं म्हणून ते नाव पडलं, असं मी दर वर्षी नववीच्या मुलांना सांगायचे आणि मुलं हसायची. मॅनेजरने मोबाइलवर पानाचा फोटो टाकून शोधलं, आणि तो शब्द आपोआप त्याच्या स्क्रीनवर आला. त्याने स्क्रीन माझ्या नवऱ्यापुढे धरली. नवऱ्याने डोळे मिटले.

तेवढ्यात फोरमनला वास लागला. तो वाकला, एका वाटीजवळ नाक नेलं आणि मॅनेजरला अरबीत हळूच काही सांगितलं. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती. वर गांजाची पानं, खाली आंबलेलं यीस्ट. एका वाफ्यात दोन गुन्हे.

 मला आठवतं, त्याच क्षणी मला काहीतरी ओळखीचं वाटलं. समोर तीन-चार जण उभे आहेत, त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय आणि तो दूर करायचं काम माझं आहे. हे मी अठरा वर्षं केलं होतं. मी वाटी उचलली आणि मॅनेजरला दाखवली. आत रात्री बुडालेल्या, त्या सकाळी काढायच्या राहिलेल्या आठ-दहा गोगलगायी फुगून पडल्या होत्या.

‘सर, इथे पिणाऱ्या फक्त ह्याच,’ मी म्हटलं.

तो एक पाऊल मागे सरकला आणि मग हसला. आवाज न करता, खांदे हलवत. तिथून मला बोलता येऊ लागलं. मी एक पान तोडून आणलं. त्याच्याच मोबाइलवर गांजाच्या पानाचं चित्र शोधायला लावलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. गांजाचं पान म्हणजे एका देठाच्या टोकाला जोडलेली वेगवेगळी पानं, एकेक सुटी होणारी. अंबाडीचं पान एकच असतं, चिरलेलं, पण बुडाशी सलग. खोडाला हात लावून बघा, बारीक काटे लागतील. मग मी ते पान तोंडात टाकलं आणि चावून खाल्लं. दुसरं फोरमनला दिलं. त्याने जरा घाबरत चावलं आणि आंबट म्हणून तोंड वाकडं केलं.

मॅनेजरने सगळं नीट ऐकलं. मग तो म्हणाला की त्याला स्वतःला पटतंय, पण ग्रुपवर शंभर लोकांनी फोटो पाहिलाय. त्यांना दाखवण्यासारखं त्याला काहीतरी हवं. मी कळीकडे बोट दाखवलं. पुष्कळ झाडांवर टपोऱ्या कळ्या होत्या. म्हटलं, फूल उमललं की शंका राहणार नाही, ते जास्वंदाच्या घरातलं दिसेल. फक्त सकाळी लवकर या, दुपारी ते मिटतं. त्याने शनिवारी सकाळी सातची वेळ दिली. तोपर्यंत एकही झाड उपटायचं नाही. शनिवारी फूल नसलं तर तो स्वतः पोलिसांना बोलावेल आणि ते तपासतील.

शुक्रवारी सकाळी मी टॉर्च घेऊन गेले, तर सगळ्यात मोठी कळी अर्धी खाल्लेली होती. गोगलगाय अजून तिथेच चिकटून होती. एकही फूल उमललं नव्हतं. उरल्या कळ्यांतल्या चार-पाचच दुसऱ्या दिवशी उमलण्याजोग्या होत्या आणि त्या रात्रीत गेल्या तर मला दाखवायला काही उरणार नव्हतं. मी आत येऊन नवऱ्याला उठवलं. मला वाटलं तो पुन्हा उपटायचंच म्हणेल. त्याने डोळे चोळले, कळी बघितली आणि विचारलं, ‘ह्यांना तांबं चालत नाही ना?’ कुठल्याशा मॅन्युअलमध्ये वाचलं होतं म्हणे. मग त्याने स्टोअरमधून जुनी केबल काढली. दुपारभर बसून ती सोलली आणि प्रत्येक खोडाभोवती तांब्याच्या तारेचं जाड कडं करून बसवलं. इंजिनिअरचं काम, सगळी कडी एका उंचीवर. मी वाट्या दुप्पट केल्या. भाभीने घरातलं उरलंसुरलं यीस्ट आणून दिलं. मुलीने प्रत्येक पानाची खालची बाजू तपासली आणि सापडलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलत शेवटपर्यंत ‘डिस्गस्टिंग’ म्हणत राहिली, पण थांबली नाही.

शनिवारी अजान झाली तेव्हा आम्ही तिघेही वाफ्याशी होतो. उजाडत गेलं तशा कळ्या सैल झाल्या. तीन फुलं उमलली. तळहाताएवढी, फिकट पिवळी, मधोमध गडद डाळिंबी डाग. एकाही पाकळीला भोक नव्हतं. नवऱ्याने त्यांचे इतके फोटो काढले की मी त्याला बॅटरी संपेल म्हणून बजावलं.

सातला मॅनेजर आणि फोरमन आले. मला काही बोलावंच लागलं नाही. फोरमन फुलापाशी गेला, दोन बोटांनी त्याची मान वर केली आणि बघत राहिला. मग म्हणाला, ‘करकदे.’ लाल सरबताचं जे करकदे असतं त्याचीच ही बहीण, त्याच्या गावी कालव्याच्या कडेला दोन्ही उगवतात. गुरुवारी नुसत्या पानांवरून आपल्याला ओळखू आलं नाही म्हणून त्याने मला सॉरी म्हटलं. मॅनेजरने स्वतः एक पान तोडलं, चावलं आणि यात मीठ हवं, असा शेरा मारला. मग तिथेच उभं राहून त्याने ग्रुपवर फुलाचा फोटो टाकला आणि लिहिलं की ही भाजी आहे, त्याने स्वतः खाऊन पाहिली आहे, आणि बाईंच्या वाफ्याचे फोटो यापुढे त्यांना विचारून काढावेत.

मी तो मेसेज तीनदा वाचला. ‘बाई’ हा शब्द त्यात नव्हता, ‘मॅडम’ होता, पण मला तो तसाच ऐकू आला.

झाडं काढायचं कोणीच बोललं नाही. त्याच सकाळी आम्ही तोडणी केली. कोवळे शेंडे खुडत गेले आणि भाभीची प्लास्टिकची टोपली, माझी दोन पातेली, शेवटी मुलीची जुनी स्कूलबॅगही भरली. फोरमनला एक जुडी दिली, मॅनेजरच्या घरी एक मोठी. भाभीने तिच्या पद्धतीने सुकी कोळंबी घालून केली. मी तुरीची डाळ, तांदळाच्या कण्या आणि शेंगदाणे घालून शिजवली, घोटली आणि वरून लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी ओतली. येमेनी दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, त्यात उडदाचं पीठ मिसळून भाकऱ्या थापल्या.

संध्याकाळी पुण्या-नाशिकची चार मराठी घरं जेवायला आली. मुलीने भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, तेही मराठीत. खरा रंगला तो नवरा. भाकरी मोडत तो पाहुण्यांना सांगत होता की मॅनेजर समोर उभा, पोलिसांचा विषय निघालेला, आणि आम्ही म्हणालो एकही झाड उपटणार नाही. हा ‘आम्ही’ कुठून आला हे मला आणि भाभीला माहीत होतं. ती माझ्याकडे बघून पदराआड हसली. मी त्याला टोकलं नाही. तारेची कडी किती मायक्रोमीटरच्या अचूकतेने बसवली हे तो सांगायला लागला होता, आणि तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती.