मांडीतला वरवंटा

कोल्हापूरच्या स्टँडवर गडहिंग्लजची एसटी लागली तेव्हा माझ्या पायात नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला होत्या आणि टाचेवर नवाकोरा फोड. पंचाहत्तरीच्या बाईने आदल्या संध्याकाळी चपला घ्याव्यात आणि सकाळी त्याच घालून प्रवासाला निघावं, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी. तरुणपणी ती याहून कमी होती, एवढंच समाधान.

निघाले होते आईला भेटायला. मला जन्म देऊन ती थोड्याच दिवसांत गेली आणि मावशीने मला पुण्यात वाढवलं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत; मांडी घालून बसवतात आणि पुरतात, बहुधा घरच्याच शेतात. मावशी म्हणायची, "तुझी आई सुखाने बसलीय. तू त्या वाटेला जायचं नाहीस." कॉलेजात असताना मी यावर सखोल विचार करून निष्कर्ष काढला, की हा जमिनीच्या वाट्याचा डाव आहे. तेव्हा मला सगळीकडे डाव दिसत. आरशात मात्र काही दिसत नसे.

आता मावशी नाही आणि गुडघेही फार दिवस साथ देतील असं वाटत नाही. एकच इच्छा उरली होती. तिथे डोकं टेकावं आणि एकदा 'अव्वा' (आई) म्हणावं. हा शब्द मी जन्मात कुणाला म्हटलेला नाही. मावशी ती मावशीच राहिली.

वाटेत दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या, पुढे पुन्हा मराठी झाल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "कुणाच्यात निघालाय, पावणं?"

मी घराचं नाव सांगितलं. तिने आपली पिशवी जवळ ओढली.

"त्या घरात बाळंतीण ठेवत न्हाईत," एवढं बोलून ती जी खिडकीबाहेर बघायला लागली, ती उतरेपर्यंत.

गावात घर लगेच सापडलं. माझ्या सावत्र भावाची बायको गौराक्का दारातच होती. भाऊ मागेच वारला. पाव्हणी म्हणून तिने आधी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही वाढलं आणि मग नाव विचारलं. मी सांगितलं. तिचा वाढता हात थांबला.

"अक्का, ह्ये नाव तर थोरल्या अव्वाच्या मांडीतल्या पोरीचं हाय की."

थोरली अव्वा म्हणजे माझी आई.

"बाळंतीण गेली की लेकराला हुडकत माघारी येती म्हणत्यात," गौराक्का हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तुमच्या आजीनं पाट्यावरचा वरवंटा दुपट्यात गुंडाळला. त्येचं बारसं केलं, तुमचं नाव ठिवलं आन् तिच्या मांडीत दिला. तुमास्नी मावशीनं मागल्या दारानं न्हेलं. तवापास्नं ती गप बसलीया. म्हाळाला (पितृपक्षात) तिला ताट ठिवतो, लेकीला दुधाची वाटी. सकाळी वाटी रिकामी."

"मांजर पीत असेल."

"रानात मांजर कुठलं, अक्का?"

मला माझ्या मुलीचं बारसं आठवलं. बायका झबलं घातलेला वरवंटा पाळण्याखालून इकडून तिकडे देत होत्या. मी, नुकतीच बीएस्सी झालेली विदुषी, तो हिसकावून म्हणाले, "दगडाला कसलं बाळ म्हणता?" मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, माझ्या ज्ञानाने दिपली.

आतून एक पोटुशी पोर डोकावली. गौराक्काची सून. "हिला म्हायेर न्हाय," गौराक्का म्हणाली. "बाळ ह्याच घरात यायचंय. आन् नेमक्या आत्ता तुम्ही आलाय. मांडीत दगड हाय, ह्ये थोरल्या अव्वाला कळलं तर ती कुणाचं लेकरू उचलंल?"

मी परत जायला निघाले. गौराक्काच मागून आली. "एवढ्या लांबनं आलाय. चला. पर वळख दिऊ नगासा. अव्वा म्हणू नगासा."

शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) कडेला एक बुटका चौथरा होता. चपला काढल्या आणि टेकले. आई विशीत थांबलेली. माझी नात आता तिच्याहून मोठी आहे. जो शब्द म्हणायला आले होते तो ओठांवर आला, तो गिळला.

"पाव्हणी आहे, बाई," मी म्हणाले. "पाय दुखले म्हणून टेकले. लेक झोपलीय ना तुमची? झोपू दे."

शाळूची सळसळ बंद झाली. उठायला गेले तर मांडी उचलेना. कुणी काहीतरी जड, गार असं तीत ठेवलं होतं, क्षणभर धरायला द्यावं तसं. मुंग्या आल्या असतील, मी स्वतःला बजावलं. विदुषी अजून पुरती मेलेली नाही. मग ते वजन हळूच निघून गेलं.

बांधावर गौराक्काने विचारलं, "वळख दिली?"

"नाही."

"तिनं इचारलं?"

मी चपला हातात घेऊन चालू लागले.

उन्हाळ्यात गौराक्काचा फोन आला. मुलगी झाली होती. बारसंही त्याच घरात झालं, बाळ-बाळंतीण खुशाल होत्या. फोनमधून तान्ह्याचं खणखणीत रडणं ऐकू येत होतं आणि कुणी त्याला दबकून गप्प करत नव्हतं. फोन ठेवला आणि पुण्याच्या माझ्या खोलीत, दार लावून, तो शब्द एकदा म्हणून घेतला. गावापासून इतक्या लांब कोण ऐकणार?

तेव्हापासून सकाळी जाग येते तेव्हा पांघरूण चारी बाजूंनी घट्ट खोचलेलं असतं, दुपट्यासारखं. मी माझ्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, मी नाही. आणि मांजर आमच्याकडे नाही.