कव्हरवरची ओळ

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे, ही उस्तादांची तपासणी. ती झाली की स्क्रू-ड्रायव्हर आपल्या हातात देऊन म्हणायचे, "कान लगाइए, साहब." मी कान लावायचो. मला घरघरीशिवाय कधीही काही ऐकू आलं नाही. तरी मी जाणत्यासारखी मान डोलवायचो आणि उस्ताद खूश व्हायचे.

दिल्लीत, आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मागे, मार्केटच्या भिंतीला लागून एका कडुनिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक लोखंडी पेटी, एक बाकडं आणि पाण्याचा माठ. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. इतकी वर्षं ज्याच्या हाती गाडी सोपवली, त्याचं नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही. यावरून माझी थोडी ओळख तुम्हाला झालीच असेल. उरलेली पुढे होईल.

साठीचे, किडकिडीत, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. आमच्या मराठी मंडळातल्या दहा-बारा घरांच्या गाड्या त्यांच्याकडेच जायच्या. एकदा देशपांडेवहिनी घाबऱ्याघुबऱ्या गाडी घेऊन आल्या, म्हणाल्या, वळण घेताना मागून काहीतरी गडगडतं. उस्तादांनी एक चक्कर मारली, मागच्या सीटखाली हात घातला आणि मुलाची पाण्याची बाटली काढून वहिनींच्या हातात दिली. "लीजिए, ठीक हो गई." पैसे घेतले नाहीतच, वर वहिनींना चहा पाजला.

त्यांची एक खोड होती. गाडीला पुढे काय लागणार आहे, हे ते बॉनेटखालीच लिहून ठेवायचे. खिशात पांढऱ्या शाईचं जाड मार्कर असायचं आणि अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. मी एकदा म्हटलं, कागदावर लिहून द्या ना. तर म्हणाले, "कागज़ आप खो देंगे, साहब. गाड़ी तो नहीं खोएँगे?"

आता मुद्द्यावर येतो. टाळावंसं वाटतंय, पण येतो.

माझी गाडी खरं तर माझी नव्हती. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मयूर विहारला राहतात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि आपली जिवापाड जपलेली गाडी मला दिली. सव्वापाच वर्षांपूर्वी मी ती ऑइल बदलायला नेली, तेव्हा उस्ताद म्हणाले, "टाइमिंग बेल्ट का वक़्त हो गया है, साहब. बदलवा लीजिए. सब मिलाकर सात हज़ार."

मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. म्हटलं, आवाज तर काही येत नाहीये. ते हसले. "यह बेल्ट बोलती नहीं, साहब. बाकी सब रो-धोकर जाते हैं, यह चुपचाप जाती है. और जाते-जाते इंजन ले जाती है."

मी मंत्रालयात फाइलींवर 'सध्या प्रलंबित ठेवावे' असं लिहिण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. त्यात मला कोणी गंडवू शकत नाही, असा माझा मोठा समज. ज्याचा आवाज नाही, ज्याची तक्रार नाही, त्याला सात हजार कशाला? "बाद में देखेंगे, उस्ताद," मी म्हणालो आणि फोनवर बोलायला बाजूला गेलो. ते बॉनेटखाली काहीतरी लिहीत होते. मी बघितलं नाही.

दोनच महिन्यांनी, रविवारी सकाळी, अण्णांना जेवायला आणायला आम्ही निघालो होतो. निजामुद्दीनच्या पुलावर गाडी अचानक मुकी झाली. झटका नाही, धूर नाही. मागे हॉर्नचा गदारोळ. मुलगी म्हणाली, "बाबा, ये क्या यार, बंद कशी पडली?" तासाभराने गाडी दोरीला बांधून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेली. बेल्ट तुटला होता. आतले व्हॉल्व्ह वाकले होते. इंजिन उघडून दुरुस्त करायला बावन्न हजार.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "तुमच्या त्या मेकॅनिकने काही सांगितलं नव्हतं का?"

प्रश्न अगदी साधा होता. 'सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर अण्णा, शेजारी बायको, आणि गाडी त्यांची. मी म्हणालो, "नाही. काहीच बोलला नाही."

बोलला! समोर ज्यांना अहो-जाहो करायचो, त्यांना मी त्या क्षणी अरे-तुरेवर आणलं. खोटं बोलताना ते सोपं पडलं असावं.

अण्णा संतापले. त्यांनी त्याच रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'रस्त्यावरच्या मेकॅनिकवर विसंबू नका. बेल्टबद्दल चकार शब्द काढला नाही, आमच्या जावयांना बावन्न हजारांचा भुर्दंड पडला.' खाली सगळ्यांचे हात जोडलेले आभार. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

पुढच्या आठवड्यात गाडी घरी आली. बावन्न हजार दिसतात तरी कसे ते बघायला मी बॉनेट उघडलं. बेल्टवर प्लॅस्टिकचं काळं कव्हर असतं. वर्कशॉपवाल्यांनी जुनंच परत बसवलं होतं. त्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि खाली पहिलीतल्या मुलाचं अक्षर: 'बेल्ट बदलनी है. साहब को बताया.'

अण्णा दुपारी येणार होते, आणि आल्याबरोबर बॉनेट उघडणार होते. मी घरात गेलो, बायकोचं नेलपॉलिश पुसायचं औषध आणि कापूस आणला आणि ती ओळ पुसून काढली. हे पुढची पाच वर्षं मी कोणालाही सांगितलं नाही.

मंडळाच्या गाड्या कडुनिंबाकडे जायच्या बंद झाल्या. ऑफिसला जाता-येता उस्ताद बाकड्यावर रिकामे बसलेले दिसायचे. नंतरचे सहा महिने मी रस्ता बदलून गेलो. मग राहवेना, म्हणून हॉर्न बिघडल्याचं निमित्त काढून गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं. धुळीने माखलेल्या कव्हरवर माझा पुसलेला चौकोन अजूनही उजळ दिसत होता. उस्तादांनी त्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हणालो, "उस्ताद, वो ग्रुप में..."

"हॉर्न का तार ढीला था, साहब." त्यांनी मार्कर काढलं आणि त्याच चौकोनात लिहिलं: 'बेल्ट नई. पाँच साल बाद बदलनी है.' मग नेहमीसारखा स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला. "कान लगाइए. अच्छी चल रही है." मी कान लावला. शरमेने माझा कान तापला होता. हॉर्नचे पन्नास रुपये दिले आणि निघालो.

पुढच्या थंडीत कडुनिंबाखालची पेटी दिसेनाशी झाली. खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखंच वाटलं.

गेल्या महिन्यात नव्या बेल्टला पाच वर्षं भरली. नव्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने कव्हरवरची ओळ वाचली आणि म्हणाला, "किसने लिखा है? बढ़िया आदमी है." बेल्ट वेळेवर बदलला. नऊ हजार. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. उस्तादांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, वर खोटं बोललो. पुसलेल्या ओळीचंही लिहिलं. अण्णांनी वाचल्याची खूण आली, बाकी काही नाही. मग नोएडाला राहायला गेलेल्या देशपांडेवहिनींनी लिहिलं, 'आम्ही उगाच सोडलं हो त्यांना. नंबर पाठवता का? आमची गाडी त्यांच्याकडेच नेऊ.'

माझ्याकडचा नंबर लागला नाही. दुसऱ्या दिवशी मार्केटच्या मागे गेलो. कडुनिंबाखाली आता एक चहावाला बसतो. त्याला विचारलं, इथे एक उस्ताद असायचे, कुठे गेले काही माहीत आहे?

"उस्ताद तो बहुत हैं, साहब," तो चहा गाळता गाळता म्हणाला. "पता कर दूँगा. नाम क्या था उनका?"